आडवी रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. आज जे काम सुरू होतंय त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी. पुढे कुणी विचारलंच तर.

काम असं: हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमधला मोठा स्क्रीन. रिसेप्शनच्या बाई त्यांच्या कॉम्प्युटरवर सूचना टाइप करणार, ती हॉलच्या भिंतीवर दिसणार. आमच्या ऑफिसच्या साहेबांना त्यात महत्त्वाचे शब्द ठळक हवेत. बाईंनी शब्दाच्या आधी एक चांदणी टाकायची, नंतर एक चांदणी टाकायची, की मधलं सगळं ठळक. चांदण्या दिसता कामा नयेत, ठळकपणा तेवढा दिसावा. अशा खुणा ओळखणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात.

मीटिंगमध्ये आमच्या टेस्टर बाई, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या, म्हणाल्या, असे पार्सर तयार मिळतात, एखादा चांगला बघून बसवून टाकू. मी म्हणालो, दुसऱ्याच्या ताटातलं मी खात नाही. दोन दिवसांत स्वतः लिहितो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. कौतुकानेच असणार.

संध्याकाळी.
सासरे राहायला आलेत. हर्नियाचं ऑपरेशन, वीस तारखेला, आणि योगायोग म्हणजे त्याच हॉस्पिटलात. जेवताना त्यांना पार्सर समजावून सांगितला. अगदी शेवटपर्यंत ऐकत होते, मधे एकदाही तोंड घातलं नाही. ऑफिसात असा श्रोता नाही. नंतर ही म्हणाली, तू बसला होतास त्या बाजूच्या कानाने बाबांना काही ऐकू येत नाही, दुसऱ्यानेही बेताचंच येतं. ते नुसती मान डोलावतात.

तरी चेहऱ्यावर समज होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज कोड नाही. आज विचार. टेबलाची दिशा बदलली. फळ्यावर चौकोन आणि बाण काढले. चौकोन छान आलेत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दोन दिवस काल संपले. पण ते कामाचे दिवस म्हणालो होतो, आणि परवाचा विचाराचा होता.

आज लिहिला. एकेक अक्षर वाचत जायचं, चांदणी दिसली की ठळक चालू, पुन्हा दिसली की बंद. एवढ्याशा गोष्टीसाठी लोक जाडजाड पुस्तकं लिहितात.

साहेबांना डेमो. पहिल्या ओळीत दुसरी चांदणी टाकायची राहिली, त्यामुळे खालचा अख्खा स्क्रीन ठळक. साहेब म्हणाले, सगळंच ठळक असलं तर मग ठळक काय? प्रश्न चांगला होता. मी म्हणालो, खूण बंद करायची विसरली तर आमचं धोरण उदार आहे, ओळ संपेपर्यंत चालू ठेवतो. हे धोरण तिथल्या तिथे सुचलं. मग तसंच करून टाकलं.

कान गरम झाले होते. एसी बंद असावा.

१० फेब्रुवारी, सोमवार
तिरकी अक्षरंही दिली. आता ठळकच्या आत तिरकं घातलं, की तिरकं बंद करताना ठळकही बंद होतं. टेस्टर बाई म्हणाल्या, याला स्टॅक लागेल. भांड्यांच्या चळतीसारखं, शेवटी ठेवलेलं आधी काढायचं. मला माहीत आहे. कॉलेजात होतं. मी म्हणालो, ठळकात तिरकं घालणं ही मुळात अभिरुचीची चूक आहे.

दुसरी तक्रार: ठळक शब्द शेजारच्या शब्दाच्या अंगावर चढतो. रुंदी साध्या अक्षरांची मोजतो आणि रंगवतो जाड, म्हणून. शब्दांमध्ये दोन जागा सोडायच्या असं ठरवलं. आता बरं दिसतं. थोडं दात पडल्यासारखं, पण बरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज मोठी गोष्ट केली. कुणी मागितली नव्हती. म्हणूनच मोठी.

शब्दांवर काट. एखादे डॉक्टर रजेवर गेले, तर नाव पुसायचं कशाला? त्यावर आडवी रेघ मारावी. बघणाऱ्याला कळतं की डॉक्टर असतात, पण आज नाहीत. यासाठी खूण कोणती? मी आडवी रेघच घेतली. छोटी, शब्दांच्या मधे टाकतात ती. रेघेसाठी रेघ. इतकं सोपं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

हिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, येताना बाबांच्या गोळ्या आण. आणायच्या राहिल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
टेस्टर बाईंनी 'क्ष-किरण विभाग पहिला मजला' असं टाइप केलं. स्क्रीनवर नुसता 'क्ष' आला आणि पुढचा अख्खा विभाग मजल्यासकट काटलेला. चार जणांना बोलावून दाखवलं. गरज नव्हती.

मी शांतपणे म्हणालो, दोष भाषेचा आहे. 'एक्स रे' लिहा, प्रश्न मिटला. लिहिलं, मिटला. बाई म्हणाल्या, अशी रेघ आणखी कुठल्या शब्दात आली तर? मी म्हणालो, रिसेप्शनच्या बाईंना सांगून ठेवतो, रेघ वापरू नका म्हणून.

आज शुक्रवार. त्या गडबडीत असतील. सोमवारी सांगेन.

१७ फेब्रुवारी, सोमवार
स्क्रीन लागला.

हॉलच्या दारातून आत शिरलं की थेट समोर. लोक खुर्च्यांवर बसून वर बघतात. वर बघतात म्हणजे माझ्याकडे बघतात, एका अर्थी. रिसेप्शनच्या बाईंना भेटलो. पुढे रांग होती, त्यांनी हात केला, मीही हात केला. रेघेचं सांगायचं राहिलं. त्या हुशार वाटल्या.

सासरे आज तपासण्यांसाठी जाऊन आले. खूश. म्हणाले, नर्स काय बोलते ते एक अक्षर कळत नाही, विचारायची लाज वाटते, पण तुमच्या पाटीवर सगळं लख्ख वाचता येतं. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेत. म्हणाले, आमच्या वेळी नोटीस बोर्डावर आलं ते ब्रह्मवाक्य. तोंडी कुणी काही सांगो.

मला भरून आलं. घरात माझं काम समजणारं एक माणूस आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
ही दोन दिवस ट्रेनिंगला बाहेरगावी. उद्या परस्पर हॉस्पिटलात पोचणार. जाताना तीनदा म्हणाली, आज बाबांबरोबर थांब, डॉक्टर काय काय सांगतात ते नीट ऐकून घे, त्यांना ऐकू येत नाही.

सासऱ्यांना घेऊन गेलो. ते आत भूलतज्ज्ञांकडे. मी हॉलमध्ये स्क्रीनचे फोटो काढत होतो. लांबून काढले, म्हणजे माणसंही येतील. ते बाहेर आल्यावर विचारलं, काय म्हणाले? त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, सगळं आलं तुमच्या पाटीवर, वाचून घेतलं.

मग मी आत जाऊन पुन्हा विचारण्यात काय अर्थ होता?

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी.
सासरे लवकर उठले. अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. मी चहा टाकला. त्यांनी टोस्ट आहे का विचारलं. माझ्या मनात आलं, ऑपरेशनच्या दिवशी खातात का? तसं म्हणालोही, त्यांच्या बऱ्या कानाशी. ते म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं, पण तुमच्या पाटीवर तो नियम काटलाय. नवीन पद्धत असेल.

माझ्याच स्क्रीनवर आहे म्हटल्यावर मी काय बोलणार? दोन टोस्टला लोणी लावून दिलं. एक केळं. चहा. चवीने खाल्लं. एरवी ऑपरेशन म्हटलं की माणसं घाबरतात, हे किती निवांत.

निघतो.

संध्याकाळी.
ऑपरेशन झालं नाही.

क्रमाने लिहितो. भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, सकाळपासून काही घेतलं का. सासऱ्यांना ते ऐकू आलं आणि त्यांनी सगळं सांगितलं, केळ्यासकट. बाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, काका, भूल दिल्यावर हे अन्न वर येऊन श्वासात अडकलं असतं तर काय झालं असतं, कल्पना आहे का? आज जमणार नाही. आठवड्याने या.

मी पाणी आणतो म्हणून बाहेर हॉलमध्ये आलो. स्क्रीनवर सूचना सरकत होत्या. मग ती आली. रिसेप्शनच्या बाईंनी काय टाइप केलं होतं ते मला वाचल्याबरोबर कळलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून काहीही खाऊ-पिऊ नये. शुद्ध, सरळ वाक्य. शाळेत शिकवतात तसं. मधल्या रेघेपाशी माझा पार्सर अडकला होता, आणि दुसरी रेघ सापडली नाही म्हणून उदार धोरणाने ओळीच्या टोकापर्यंत काटत गेला होता. 'पिऊ नये' वर आडवी रेघ. उरलं होतं ते असं:

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून काहीही खाऊ

वर 'काहीही' ठळक. ते मात्र बरोबर चाललं होतं.

हॉल भरलेला. सगळे वर बघत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला काहीतरी दाखवत होत्या स्क्रीनवर बोट करून. मी रिसेप्शनवर धावलो आणि म्हणालो, ती ओळ आधी काढा, सिस्टीम अपडेट चालू आहे. माझ्या तोंडून हेच निघालं. त्यांनी काढली. थँक्यू म्हणाल्या.

परत गेलो तर ही पोचली होती. तिने बाबांना विचारलं, कुणी दिलं खायला? सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं आणि म्हणाले, कुणी नाही गं, मीच घेतलं, विसरलो. वय झालं.

मी पाण्याचा ग्लास धरून उभा होतो. ही म्हणाली, तू काय करत होतास? सासरेच म्हणाले, ते अंघोळीला गेले होते.

मी अंघोळीला गेलो नव्हतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
हिला सांगणार होतो. पण प्रवासाने दमली आहे. दमलेल्या माणसाला असं सांगू नये.

सकाळी ती बाबांना बोलत होती. लहान मुलासारखं लक्ष ठेवायचं का तुमच्यावर, रजा कशी काढली होती माझं मला माहीत. सासरे ऐकत होते. म्हणजे ऐकू न येणारा कान त्यांनी तिच्याकडे केला नव्हता, बरा कान केला होता. सगळं ऐकून घेतलं. मी पेपर वाचत होतो. कुठलं पान ते आठवत नाही.

ऑफिसात हॉस्पिटलचा फोन. आणखी एक पेशंट खाऊन आला होता. त्याला वेळेत विचारलं म्हणून निभावलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, झालं काय? मी म्हणालो, रिसेप्शनने चुकीची खूण टाइप केली. वाक्य तसं खोटं नाही. रेघ त्यांनीच टाइप केली होती.

टेस्टर बाई काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं फक्त. बोलल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
हिला सांगणार होतो. पण सासरे समोर होते. मग नव्हते, पण तेव्हा तिचा मूड चांगला होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार
नवीन नियम लिहिला: रेघेच्या दोन्ही बाजूंना अक्षरं असतील तर ती रेघ म्हणजे काट नाही. सगळं सुटलं. मग फोन नंबर काटले जाऊ लागले, कारण आकडे म्हणजे अक्षरं नव्हेत. मग आकड्यांचा नियम. मग वॉर्ड नंबर गायब.

दुपारी साहेब म्हणाले, राहू द्या. टेस्टर बाईंनी तयार पार्सर आणला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत बसवला. मी बघितला उघडून. आत चळतच आहे. त्यात बंद न केलेली खूण म्हणजे खूणच नाही, साधं अक्षर. आहे तसं दाखवतात. शंका असली तर काटत नाहीत.

माझंही शेवटी तेच डिझाइन झालं असतं, असं लिहायला घेतलं होतं. नाही झालं असतं.

साहेबांकडून कळलं की हॉस्पिटलने रिसेप्शनच्या बाईंना कारणे दाखवा नोटीस दिलीय, आणि त्यांना हॉलमधून काढून मागे फायलींच्या खोलीत बसवलंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार
साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. म्हणालो, त्या बाईंची चूक नाही. वाक्य बरोबर होतं. रेघ मी काटीसाठी घेतली, टेस्टर बाईंनी मला आधी सांगितलं होतं, मी रिसेप्शनला कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, हे शुक्रवारी सांगितलं असतंत तर. एवढंच. लगेच हॉस्पिटलला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. चूक आमच्या प्रोग्रामची, तुमच्या बाईंची नाही, असं म्हणाले. आमच्या म्हणाले, यांच्या म्हणाले नाहीत. पलीकडून उत्तर आलं की बाईंना परत हॉलमध्ये आणतो, पण स्क्रीन तूर्त बंदच ठेवतोय.

बाहेर आल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
आज हिला सांगितलं. उद्या ऑपरेशन, आता लांबवणं शक्यच नव्हतं. जेवण झाल्यावर, सासरे समोर असताना म्हणालो, त्या दिवशी बाबांची चूक नव्हती, माझी होती. स्क्रीन माझा चुकला, आणि टोस्टही मीच...

सासरे मधेच म्हणाले, काही ऐकू नकोस यांचं. मला बोलणी बसतायत ते बघवत नाही म्हणून स्वतःवर घेतायत. भला माणूस आहे.

हिने माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून असं बघितल्याचं आठवत नाही. म्हणाली, तू असं कधी करशील असं वाटलं नव्हतं. मग स्वतः चहा करून आणला, मला आधी दिला.

मी प्यायलो. पूर्ण प्यायलो. आणि हे इथे लिहिलंच पाहिजे की तेवढा वेळ मला बरं वाटलं.

१ मार्च, शनिवार
काल ऑपरेशन झालं. व्यवस्थित. सकाळपासून ही स्वतः त्यांच्याजवळ बसून होती, पाण्याचा थेंब जाऊ दिला नाही.

आज दुपारी वॉर्डात मी एकटा होतो त्यांच्यापाशी. विचारलं, तुम्ही असं का केलंत? ते म्हणाले, त्या दिवशी तुम्ही हॉलमधून पाणी घेऊन आलात ना, तुमचा चेहरा बघितला आणि पाटीचं काय झालं ते समजलो. मुलीला माझ्यावर रागवायची सवय आहे, तो राग दोन दिवसांत उतरतो. नवऱ्यावरचा राग घरात मुक्कामाला येतो.

मी म्हणालो, परवा मी खरं सांगत होतो. ते म्हणाले, माहीत आहे. पण अर्धवट सांगत होतात, मला मधे बोलता आलं. नीट सांगायचं असेल तर माझ्या गैरहजेरीत सांगा. नसेल सांगायचं तर मी काही बोलणार नाही.

मग झोपले. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

३ मार्च, सोमवार
हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. सगळं, क्रमाने: क्ष-किरणापासून. रिसेप्शनच्या बाईंवर ढकललं तेही. अंघोळीला गेलो नव्हतो तेही. ही कठड्याला धरून ऐकत होती. लोक वर-खाली जात होते, आम्ही बाजूला सरकत होतो.

तिने एकच विचारलं. लोणी कुणी लावलं? मी म्हणालो, मी. ती म्हणाली, दोन्हीला? मी म्हणालो, दोन्हीला.

ती वर गेली. बाबांकडे. मागे वळून बघितलं नाही. पाचच मिनिटांनी तिथून बोलण्याचा आवाज आला, ती त्यांना माफ करा म्हणत होती बहुतेक, मोठ्याने, त्यांना ऐकू जावं म्हणून. सगळा वॉर्ड ऐकत असणार. मी खाली आलो.

हॉलमध्ये स्क्रीन बंद. काळा. रिसेप्शनच्या बाई परत आपल्या जागी, म्हणजे जागेवर नव्हत्या, स्क्रीनखाली स्टुलावर चढल्या होत्या. हातात मोठा पांढरा कागद. त्यावर जाड मार्करने सूचना, सगळ्या, हाताने लिहिलेल्या. महत्त्वाचे शब्द दोनदा गिरवून ठळक केलेले. 'काहीही खाऊ-पिऊ नये' मध्ये 'नये' खाली रेघ. खाली.

मी म्हणालो, मला तुमच्याशी बोलायचं आहे. त्या म्हणाल्या, बोला, पण आधी हे टोक धरा. धरलं. हात वर करून, त्यांच्याकडे तोंड करून सांगितलं की तो प्रोग्राम मी लिहिला, तुम्हाला रेघेबद्दल सांगायचं माझ्याकडे होतं, मी सांगितलं नाही, आणि वर तुमचं नाव पुढे केलं. हॉलमधले लोक वर बघत होते.

त्यांनी दाताने चिकटपट्टी तोडली. म्हणाल्या, त्या खोलीत खिडकी नव्हती. चार दिवस मी विचार करत होते की माझं काय चुकलं. शाळेत व्याकरणात पहिली यायचे मी.

मी सॉरी म्हणालो. त्यांनी ठीक आहे म्हटलं नाही. चिकटपट्टी लावली, स्टुलावरून उतरल्या, दोन पावलं मागे जाऊन कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुमची बाजू खाली गेलीय. जरा वर घ्या.

घेतली.